उसने कान

माझे दोन्ही कान सध्या बेलपाड्यातल्या एका बंगल्यात, दिवाणखान्यात, सोफ्याच्या बरोबर वर टांगलेले आहेत. रोज सकाळी त्यांना उदबत्ती ओवाळतात आणि दसऱ्याला झेंडूचा हार घालतात. माझ्या डोक्याला असलेल्या मूळ कानांची एवढी सेवा आमच्या घरात कधीच झालेली नाही. उलट "कान आहेत की भोकं?" अशी विचारणा आठवड्यातून दोनदा तरी होते.

हा मान मला मिळवून दिला आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाळारामभाऊंनी. आम्ही पनवेलला राहायला येऊन चार दिवस झाले होते. लिफ्टमध्ये एक उंच, सावळे, भरघोस मिशांचे गृहस्थ माझ्याकडे एकटक बघत होते. तिसरा मजला आला तसे ते म्हणाले, "साहेब, रविवारी मोकळे असाल तर तुमचे कान पाहिजे होते."

मला वाटलं, काहीतरी खासगी सांगायचं असेल. रविवारी गेलो, तर त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि तीन तास माझे कान रंगवले. बेलपाड्याच्या एका दिवंगत शेठजींचं चित्र चाललं होतं. नाक पुतण्याकडून मिळालं, कपाळ थोरल्या मुलाकडून मिळालं, पण कानांवर गाडी अडली होती. "सगळ्या पोरांचे कान आईवर गेलेत," भाऊ कळवळून म्हणाले. "दोन महिने शोधतोय. तुम्ही लिफ्टमध्ये शिरलात आणि म्हटलं, शेठ आले!"

तर हा बाळारामभाऊंचा धंदा. आसपासच्या गावांत बंगले झाले, बंगल्यांत मोठाले हॉल झाले, आणि हॉल म्हटला की त्यात गेलेल्या आईबापांचं मोठं तैलचित्र हवंच. ती चित्रं भाऊ काढतात. पण फोटोवरून काढत नाहीत. कुणी फोटो पुढे केलाच तर ते तो उलटा करून परत देतात. "फोटो म्हणजे दचकलेला माणूस. दचकलेला बाप हॉलमध्ये लावणार का तुम्ही?"

मग गेलेल्या माणसाचा चेहरा आणायचा कुठून? त्यावर भाऊंचं उत्तर ठरलेलं आहे. "चेहरा कुठे जात नाही, साहेब. घरातच वाटला जातो. आपण फिरून गोळा करायचा."

हे गोळा करणं बघण्यासारखं असतं. अंगणात झाडून सगळी भावकी रांगेत उभी करतात. भाऊ एक डोळा मिटून, हातातला ब्रश आडवा-उभा धरून रांगेतून फिरतात, आणि मग भराभर हुकूम सुटतात. "हनुवटी, तुम्ही इकडे या. भुवया, तुम्ही चहा घेऊन मग बसा. तुम्ही कोण? जावई? तुमचं काही कामाचं नाही, तुम्ही बसा आत." शिरढोणच्या एका घरात दोन भावांचं आठ वर्षं बोलणं नव्हतं. पण बापाचं कपाळ एकाकडे आणि डोळे दुसऱ्याकडे, म्हणून भाऊंनी दोघांना एका बाकावर बसवलं. तीन दिवस दोघं भिंतीकडे तोंड करून गप्प होते. चौथ्या दिवशी डोळे कपाळाला म्हणाले, "जरा सरकून बस की." पाचव्या दिवशी दोघांनी मिळून भाऊंशी भांडण काढलं. आता दोन्ही घरांत येणंजाणं आहे म्हणतात.

त्यांना पेंटर म्हटलेलं चालत नाही. "पेंटर ट्रेलरवर नंबर टाकतो. मी आर्टिस्ट." ही तफावत त्यांना पक्की ठाऊक आहे, कारण पंधरा वर्षं त्यांनी ट्रेलरवर नंबरच टाकले. लग्नघरांच्या भिंतींवर नवरानवरीची नावं आणि दोन्ही बाजूंना हत्ती काढले. मग फ्लेक्स आला आणि हत्ती एका तासात छापून मिळायला लागले. "हत्ती गेले तेव्हा मी माणसांकडे वळलो," असं ते आपल्या कारकिर्दीचं वर्णन करतात.

त्यांचं व्हिजिटिंग कार्ड हाताने रंगवलेलं आहे. त्यावर जास्वंदीचं फूल आहे आणि फुलावर मुंगी आहे. कार्ड काढायला आठवडा लागला, त्यामुळे ते एकच आहे. भाऊ ते समोरच्याच्या हातात देतात, त्याला नंबर लिहून घ्यायला लावतात आणि मग कार्ड परत घेतात. एका बिल्डरने सवयीने ते खिशात टाकलं, तर भाऊ त्याच्या गाडीमागे सिग्नलपर्यंत धावले होते.

हल्ली पोरं मोबाइलवर दोन मिनिटांत आजोबांचं चित्र बनवतात. एका नातवाने तसं केलं आणि मोठ्या कौतुकाने घरातल्या म्हाताऱ्या आजीला दाखवलं. चित्रात आजोबा गोरेपान, कोट घातलेले आणि सहा बोटांचे होते. आजीने पदर डोक्यावर ओढून घेतला. "ह्यो परका बाप्या कोन आनलास घरात? भायेर ने त्याला." दुसऱ्या दिवशी भाऊंना बोलावणं आलं.

भाऊंचा एक नियम मात्र कडक. चित्र पूर्ण झालं तरी सही नाही. आधी घराबाहेरचं, सत्तरी ओलांडलेलं कुणीतरी आणायचं. त्याला काहीही सांगायचं नाही. नुसतं चित्रासमोर उभं करून भाऊ विचारणार, "ओळखलं का?" ओळख पटली तरच सही. माझे कान लागलेल्या शेठजींसाठी मोतीबिंदू झालेले एक काका आणले होते. त्यांनी चष्मा पुसला, चित्राजवळ गेले आणि भडकले. "ओलखलं नाय तर काय! माजी फावडी नेली ती अजून नाय दिली यानं!" भाऊंनी आनंदाने तिथल्या तिथे सही ठोकली. शेठजींच्या मुलाने फावडं नवं आणून दिलं.

मध्यंतरी एक विचित्र गोष्ट झाली. भाऊंच्या मिशा गेल्या. ज्या मिशांना ते जवसाचं तेल लावायचे, ज्यांच्यावर सोसायटीतल्या मुलांच्या पैजा लागायच्या, त्या एका सकाळी साफ! कुणी म्हणालं नवस असेल, कुणी म्हणालं सिनेमात काम मिळालं. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "या वयात लग्नबिग्न ठरलं की काय?" भाऊ अविवाहित, एकटेच राहणारे, त्यामुळे तर्काला भरपूर जागा होती. भाऊ महिनाभर दार लावून आत काम करत राहिले.

त्याच सुमारास मुंबईहून एका गॅलरीच्या बाई आल्या. कुणाच्या तरी बंगल्यात त्यांनी भाऊंची चित्रं बघितली होती. त्यांनी बारा चित्रं मागितली, मुंबईत प्रदर्शन भरवू म्हणाल्या. साठीला आलेल्या माणसाच्या दारात नशीब स्वतःच्या गाडीने आलं होतं. भाऊंनी त्यांना चहा दिला, कार्ड दाखवलं, परत घेतलं आणि म्हणाले, "मुंबईत नको. तिथे यांना ओळखणार कोण? मी इथेच करतो. पनवेलला."

मी संतापलो. जिन्यातच त्यांना गाठून म्हटलं, "अहो, जन्मभर कशासाठी झिजलात मग?" भाऊंनी मला आत नेलं. कोपऱ्यात एक चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. ते त्यांनी वळवलं.

पंचविशीची एक बाई. हिरवं लुगडं, मागे मिठाचे पांढरे ढीग. नाक भाऊंचं, डोळे भाऊंचे, हनुवटी भाऊंची, कानसुद्धा भाऊंचे. मिशा काढून, वय उतरवून बाळारामभाऊच लुगडं नेसून उभे होते. मला हसू येणार होतं, ते आलं नाही.

"आई," भाऊ म्हणाले. "मी सहा वर्षांचा होतो, तेव्हा गेली. बाप त्याच्याही आधी गेलेला. फोटो नाही. काका-मामा, भाऊ-बहीण कुणी नाही. एका गुरुजींनी मला उचलून पनवेलला आणलं. मिठागरं बुजली, वस्ती पांगली. मला तिचे हात आठवतात, साहेब, चेहरा नाही आठवत. मग काय करणार? आरशासमोर मीच बसलो. मिशा मध्ये येत होत्या."

"कान तरी माझे घ्यायचे," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

"आईला उसनं काही लावायचं नाही," ते म्हणाले. "आता हिला ओळखणारं कुणी उरलं असेल तर ते याच गावांतलं असेल. मुंबईत कोण येणार?"

खाली सहीची जागा कोरी होती.

प्रदर्शन एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये, तीन दिवसांचं ठरलं. पहिली अडचण अशी आली की चित्रं कुणी एकटी पाठवायला तयार होईना. "बाबांना असं एकटं कसं धाडायचं?" शेवटी सगळ्यांनी आपापले बाबा स्वतः आणले. एक बाबा पुढच्या सीटवर बेल्ट लावून आले. एका आजींसाठी गाडीत एसी चालू ठेवला होता. माझे कान बेलपाड्याहून तीन गाड्यांच्या ताफ्यात आले.

मग काय विचारता! प्रत्येक घराने आपल्या चित्रासमोर समई लावली. हार, नारळ, पेढे आले. कुणीतरी वडिलांना आवडायचे म्हणून तळलेले बोंबील ठेवले आणि हॉलभर दरवळ सुटला. कार्यालयाचे मॅनेजर धावत आले, "इथे फक्त शाकाहारी!" त्यावर घरचे म्हणाले, "ते खात नायत हो, नुसतं दाखवलंय." माणसं एकमेकांच्या बापांना भेटत होती, नाकं जुळवत होती, सोयरिकीसुद्धा काढत होती. एका मुलीला एका मुलाच्या आजोबांचा चेहरा पसंत पडला.

एका टोकाला हार नसलेलं एकच चित्र होतं. लोक तिथे थांबायचे, चित्राकडे बघायचे, भाऊंकडे बघायचे आणि ओळख पटल्याच्या आनंदात म्हणायचे, "आर्टिस्ट, ही तुमची बहीण ना?" पहिल्या दिवशी भाऊ हसले. दुसऱ्या दिवशी नुसती मान हलवली. तिसऱ्या दिवशी दुपारनंतर ते त्या टोकाला फिरकलेच नाहीत, समया पुसत बसले. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

पाच वाजता आवराआवर सुरू झाली. जासईच्या एका कुटुंबाबरोबर आलेली, काठी टेकत चालणारी म्हातारी आपल्या भावाचं चित्र बघून परत निघाली होती. कोपऱ्यातल्या चित्रापाशी ती थांबली. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

"अगो, पारू?" ती म्हणाली.

भाऊंच्या हातातली समई तशीच राहिली.

"पारूच हाय. मिठागरावरची. आमी दोघी जोडीनं टोपल्या वाहायचू." मग तिने मान वाकडी केली आणि तिचा आवाज चढला. "पन ह्यो कान कुनाचा लावलाय? पारूचा डावा कान फाटलेला व्हता. तिचा पोरगा अंगावर पीत व्हता, त्यानं कानातलं वढलं नि पाली फाटली. रगत काय वाहिलं! नि ही हसतंय. बोलली, बघ, माज्या बाल्याच्या हातात जोर किती हाय!"

हॉलमध्ये आवाज चाललेच होते. भाऊ चित्रासमोर येऊन उभे राहिले. चाळीस वर्षांत कुणी चित्रात चूक काढली तर त्या माणसाला हाताला धरून बाहेर नेणारे बाळारामभाऊ म्हणाले, "उजवा बरोबर आहे का, आजी?"

म्हातारीने चित्राकडे बघितलं, मग भाऊंच्या डोक्याकडे बघितलं, आणि मग तिला कळलं. तिने काठी माझ्याकडे दिली आणि दोन्ही हातांनी त्यांचा उजवा हात धरला.

"उजवा बरोबर हाय," ती म्हणाली. "तुजाच हाय."

भाऊंनी तिथेच रंग काढले. डाव्या कानाची पाळी फाडायला त्यांना तास लागला. मी पॅलेट धरून उभा होतो आणि मला रडू आवरत नव्हतं, हे कबूल करतो. मग त्यांनी कोऱ्या जागी सही केली. आर्टिस्ट बाळाराम असं लिहिलं नाही, नुसतं बाल्या लिहिलं.

परवा जिन्यात भेटले. मिशा पुन्हा फुटताहेत. गॅलरीच्या बाईंना फोन केला म्हणाले, बारा चित्रं घेऊन मुंबईला जाणार आहेत. आईचं घरीच राहणार, बाकी बारा घरांची माणसं अर्थातच बरोबर येणार, दोन बस ठरवल्या आहेत.

"पण भाऊ," मी विचारलं, "तिथे यांना ओळखणार कोण?"

"आता नाही ओळखलं कुणी तरी चालेल, साहेब," भाऊ म्हणाले आणि कार्ड दाखवायला खिशात हात घातला. मग ते माझ्या हातात दिलं आणि परत न घेताच खाली उतरून गेले.