दोघांचा कोरम

वेंडेल ऑस्गुडने इर्मा कोलस्टॅडला जेवायला बोलवायचं धाडस केलं ते पोस्टाच्या खिडकीपाशी, आणि तेही नेमकं डोरीन प्रुइट शेजारी उभी राहून पाकिटाला तिकीट चिकटवत असताना. दोन हिवाळे तो हे वाक्य मनात घोळवत होता. मेंढ्यांना चारा टाकताना ते त्याला अगदी सहज म्हणता यायचं. खिडकीपाशी आला आणि आत तिकिटं विकत बसलेली इर्मा दिसली, की मात्र जीभ टाळ्याला चिकटायची. मग तो शाळेच्या शेगडीबद्दल काहीतरी बोलायचा, एक तिकीट विकत घ्यायचा आणि परत जायचा. त्याला पत्र लिहावं असं जगात कोणी नव्हतं, पण घरात तिकिटांनी डबा भरत आला होता.

"शुक्रवारी संध्याकाळी तुम्हाला वेळ असेल तर," तो म्हणाला, "माझ्याकडे मटणाचा रस्सा असतो."

"असतो म्हणजे?" इर्माने चष्म्यावरून पाहिलं. "करणार आहात, की उरलाय?"

"करणार आहे."

"मग येईन की."

"थांबा," डोरीन म्हणाली. "तुम्ही दोघं? एका टेबलावर?"

"माझ्याकडे एकच टेबल आहे," वेंडेल म्हणाला.

"अरे, पण कोरम होतो."

डाउनी क्रीकची शाळा एका खोलीची होती. शिक्षिका एक, मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि शाळा मंडळाचे सभासद तीन. वेंडेल अध्यक्ष, इर्मा सभासद, आणि तिसरा ब्राइस टिलिट. हा तरुण मेंढपाळ कोकरं जन्माला यायच्या दिवसांत कोणाच्याच दृष्टीला पडत नसे. शिक्षिका नेमायची, छप्पर शाकारायचं, लाकूड भरायचं, मुलांना आणायला गाडी कोणाची हे ठरवायचं, आणि वेळ आलीच तर उंदराचे सापळेही लावायचे, ही सगळी मंडळाची कामं. मोंटानातल्या त्या उघड्या माळावर ती कामं करायला दुसरं होतं तरी कोण?

डोरीन मंडळाची चिटणीस होती. ती कोणाच्याही स्वयंपाकघरात दार न वाजवता शिरायची आणि भांड्यावरचं झाकण उचलून बघायची. त्याबद्दल कोणाची फारशी तक्रार नव्हती. पण काउंटीच्या गावी एक दिवसाचं शिबिर करून आल्यापासून ती झाकणाबरोबर कायदाही उचलून बघू लागली होती. कायदा असा, की मंडळातले निम्म्याहून जास्त सभासद एकत्र बसून शाळेबद्दल बोलले की ती बैठक. बैठक म्हटली की दोन दिवस आधी नोटीस लावायची आणि येईल त्याला आत घ्यायचं. तिघांत निम्म्याहून जास्त म्हणजे दोघं, आणि दोघं जमले की कोरम, म्हणजे गणसंख्या, पुरी.

"आम्ही शाळेबद्दल बोलणारच नाही," वेंडेल म्हणाला.

"तुम्ही दोघं?" डोरीन हसली नाही. तिला खरोखरच कीव आली. "एल्मरच्या दफनानंतरच्या जेवणातसुद्धा तुम्ही छपराबद्दल बोलत होतात."

एल्मर म्हणजे इर्माचा नवरा.

"गळत होतं छप्पर," इर्मा शांतपणे म्हणाली.

वेंडेल नियमाला धरून चालणारा माणूस होता. मागे एकदा ट्रॅक्टर मागे घेताना त्याने रस्त्यावरची पाटी पाडली, तेव्हा तो स्वतःच शेरीफकडे जाऊन, माझं काय करायचं ते करा, म्हणून बसला होता. त्यामुळे शुक्रवारी इर्मा आली तेव्हा शाळेचं नावही काढायचं नाही, असा त्याने मनाशी पक्का निश्चय केला होता.

सुरुवात हवेपासून झाली. यंदा बर्फ फार, असं तो म्हणाला. बर्फ म्हटल्यावर छप्पर आठवलं, म्हणून तो गप्प झाला. मग इर्माने कुत्र्याची चौकशी केली. कुत्रा रोज सकाळी शाळेच्या गाडीमागे धावत जायचा, म्हणून त्याच्याबद्दलही फार बोलता येईना. चोकचेरीची जेली चांगली जमलीय, असं इर्मा म्हणाली. ती चेरी शाळेमागच्या कुंपणावरची होती. वेंडेलने नुसती मान हलवली. त्यानंतर बराच वेळ फक्त चमचे बोलत होते.

आणि त्या शांततेत वेंडेलला पहिल्यांदा भीती वाटली. शाळा बाजूला काढली तर आपल्या दोघांत काही उरतं का? दोन हिवाळे ज्या दाराशी आपण घुटमळतोय, त्याच्यामागे खोली आहे, की नुसतंच दार?

इर्मा लवकर उठली. "रस्सा चांगला झाला होता," असं म्हणून पायऱ्या उतरली, आणि शेवटच्या पायरीवर वळली. "वेंडेल, ती शेगडी," एवढं बोलून तिने चटकन तोंडावर हात ठेवला.

"मी पण मघापासून तेच," वेंडेल म्हणाला.

पुढे मेंढ्यांची धांदल सुरू झाली. पण रात्रंदिवस गोठ्यात असतानाही त्याच्या डोळ्यांपुढून तो तोंडावरचा हात हलेना. शेवटी त्याने त्याच्या स्वभावाला साजेसा तोडगा काढला. कायदा आड येतोय ना, मग कायद्यानेच जाऊ. त्याने नोटीस लिहिली आणि पोस्टाच्या फळ्यावर लावण्यासाठी इर्माच्याच हातात दिली. तिने ती वाचली.

"शाळा मंडळाची विशेष बैठक. स्थळ, अध्यक्षांचं स्वयंपाकघर. विषय एक, शेगडी. विषय दोन, रस्सा. विषय तीन, अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय. सर्व नागरिकांना उपस्थित राहण्याचा हक्क आहे." तिने मान वर केली. "हे शेवटचं?"

"लिहावंच लागतं ते. पण आपल्या बैठकीला आजवर आलंय कोण? एकदा तो गाडी बंद पडलेला माणूस आला होता, तोही शेकायला."

इर्माने चार कोपऱ्यांना चार टाचण्या लावल्या.

बैठकीच्या संध्याकाळी वेंडेलने दोन ताटं मांडली, केसांना पाणी लावलं आणि खिडकीतून बाहेर पाहिलं, तर फाटकातून गाड्यांची रांग आत येत होती. सगळं डाउनी क्रीक आलं होतं. कोणी बटाट्यांचं परातभर काहीतरी आणलं होतं, कोणी घरच्या खुर्च्या. शेगडीची काळजी कोणालाच नव्हती. पण एक माणूस दोन वर्षं रोज एकच तिकीट घेतो हे खेड्यात लपून राहतं थोडंच? ब्राइससुद्धा आला. नाताळनंतर पहिल्यांदाच. त्याच्या कोटातून आई नसलेलं एक कोकरू डोकं बाहेर काढून बघत होतं.

"हजेरी घेताना याला धरू नका," तो म्हणाला. "दर दोन तासांनी दूध लागतं, म्हणून आणलंय."

इर्मा टेबलाशी बसली. वेंडेलने सवयीने डोळे मिटून हात जोडले.

"मंडळाच्या बैठकीत प्रार्थना चालत नाही," डोरीन वहीतून मान वर न काढता म्हणाली.

"बैठक सुरू झालीय का?" इर्माने विचारलं.

"अजून नाही."

"मग होऊ दे की आमचं आधी." तिनेही डोळे मिटले. मग सगळ्यांनीच मिटले, डोरीननेही. कोकरू तेवढं मध्येच ओरडलं.

पहिला विषय शेगडी. तिच्याबद्दल बोलायला कोणीच आलं नव्हतं, पण बोलायची संधी मिळाल्यावर ती सोडायची कशी? एक म्हणाला, नवी घ्या. दुसरा म्हणाला, जुनीचं धुराडं बदला. तिसऱ्याच्या मते शेगडीपेक्षा आजकालच्या मुलांनाच थंडी जास्त वाजते. शिक्षिकेने, "पण शेगडी तर…" असं दोनदा म्हणून पाहिलं, दोन्ही वेळा तिचं वाक्य कोणीतरी तोडलं. चांगला तासभर वाद रंगला. मग रस्सा मंजूर झाला. अध्यक्षांच्या वाट्याला तळाचं गाजर आलं.

"विषय तीन," डोरीन म्हणाली. "आयत्या वेळचे."

खुर्च्या करकरायच्या थांबल्या. वेंडेल उभा राहिला.

"एक सांगून ठेवते," डोरीन म्हणाली, आणि ते तिने हळू आवाजात सांगितलं, कारण तिलाही ते सांगणं जड जात होतं. "जो विषय नोटिशीत नाही त्यावर निर्णय घेता येत नाही. चर्चा तेवढी करता येते."

"निर्णय नकोच आहे," वेंडेल म्हणाला. तो टेबलाकडे बघत होता. "मला एवढंच सांगायचंय की शेगडी चांगली आहे."

"काय?"

"दोन वर्षांपूर्वीच मी दुरुस्त केली. तेव्हापासून तिला काही झालेलं नाही. पण शेगडीचं काढलं की इर्मा ऐकून घेतात. दुसरं काय बोलायचं ते मला येत नाही. म्हणून मग रोज तिलाच बिघडवत बसलो."

तासभर भांडलेले लोक एकमेकांकडे बघत राहिले. शिक्षिकेने सुस्कारा सोडला. "मी तेच सांगत होते," ती म्हणाली.

डोरीनचं पेन हवेत थांबलं होतं. "हे इतिवृत्तात घेऊ?"

"घे," इर्मा म्हणाली. "आणि पुढे माझाही एक आयत्या वेळचा विषय घे. मंडळाच्या निवडणुकीचे अर्ज भरायची मुदत काल संपली. मी भरला नाही."

"तू? इतकी वर्षं बसतेस मंडळावर. का गं?"

"तिघांतले दोघं म्हणजे कोरम," इर्मा म्हणाली. "मी मंडळावरून उठले की तिघांतला एक. एक म्हणजे नुसते वेंडेल."

वेंडेल खाली बसला. खुर्ची तिथे होती हे नशीब. ब्राइसने कोकरू उगाचच या हातातून त्या हातात घेतलं. कोणीतरी मागून विचारलं, "मग ती जागा?" आणि सगळं डाउनी क्रीक आपापल्या बुटांकडे बघू लागलं, कारण मंडळावर बसायची हौस तिथे कोणालाच नव्हती.

रिकामी जागा भरायचा अधिकार मंडळाचाच असतो. मे महिन्यात इर्माची मुदत संपली, तेव्हा वेंडेल आणि ब्राइस यांनी रीतसर नोटीस लावून, रीतसर बैठक घेऊन डोरीनला सभासद नेमलं. सूचक वेंडेल, अनुमोदक ब्राइस. डोरीनला भरून आलं. आपल्याला लोक फक्त दारापर्यंतच सहन करतात, असं तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं. तिने हात वर करून शपथ घेतली आणि घरी जाऊन केक करायला घेतला.

त्या शुक्रवारी वेंडेलच्या टेबलावर पुन्हा दोन ताटं होती.

"आता सगळं मोकळं आहे," इर्मा म्हणाली. "कशावरही बोल."

वेंडेलने बराच विचार केला. "शाळेचं छप्पर," तो म्हणाला. "उत्तरेकडची बाजू."

इर्माने खुर्ची पुढे ओढली. "मी कधीची वाट बघतेय," ती म्हणाली. "ती बाजू येत्या हिवाळ्यात तग धरणार नाही."

मग छप्पर झालं, उंदीर झाले, शिक्षिकेला जास्तीची रजाई द्यायची का ते झालं. बोलता बोलता एल्मर आला, वेंडेलची वारलेली बायको रूथ आली, आणि दोघंही काही वेळ त्या टेबलाशी बसून गेली. रस्सा गार झाला तरी दोघांपैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही. तेवढ्यात अंगणात गाडीचं दार वाजलं, आणि डोरीन रुबार्बचा केक घेऊन नेहमीसारखी थेट आत शिरायला निघाली.

वेंडेल दारात आडवा उभा राहिला. "डोरीन," तो म्हणाला, "तू आणि मी म्हणजे कोरम."

दारात असं आडवं येणाऱ्या कोणालाही डोरीनने कायदा दाखवला असता. पण कायदा तर हाच होता.

"मी शाळेबद्दल बोलणार नाही," ती म्हणाली.

"तू?" वेंडेलने विचारलं.

ती केक हातात घेऊन तशीच उभी राहिली. गाडीकडे परत जायलाही तिचे पाय निघेनात, आणि घरी तिची वाट बघणारंही कोणी नव्हतं. वेंडेलला आता जिंकल्याचा आनंद होईना.

मागून इर्मा आली. "डोरीन, तू आत ये. मी काही आता मंडळावर नाही, आपलं कोरमबिरम काही होत नाही." मग तिने वेंडेलच्या हातात त्याचं ताट दिलं. "आणि तू जरा बाहेर बस."

"माझं घर आहे हे."

"म्हणूनच तर तुला पायरी कुठाय ते माहितीय."

वेंडेल पायरीवर बसून जेवला. कुत्रा येऊन शेजारी बसला. माळावर अजून उजेड होता, आणि मागच्या खिडकीतून दोघींचे आवाज येत होते. डोरीन ठामपणे सांगत होती की छप्पर उत्तरेकडून नव्हे, दक्षिणेकडून गेलंय. वेंडेलच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याने ते घासासकट गिळलं आणि गप्प राहून ऐकत बसला. इतकी वर्षं इर्मा हेच करत होती, आणि हे काही अवघड नव्हतं, असं त्याच्या लक्षात आलं.

थोड्या वेळाने खिडकी वर सरकली आणि इर्माचा हात केकचा तुकडा घेऊन बाहेर आला.

"उत्तरेकडून," वेंडेल कुजबुजला.

"श्," इर्मा म्हणाली. "उद्या ये पोस्टात. सगळं सांगते. आणि तिकीट घ्यायची गरज नाही."