पाणी सोडलंय!

यंदा कार्तिकस्नानाचा नेम मोडणार नाही म्हणजे नाही, असं मी कोजागिरीलाच ठणकावून सांगितलं! ठणकावून म्हणजे माझ्या मानाने हो. माझा आवाज इतका मऊ, की घंटा बडवल्याशिवाय देवसुद्धा वळून बघत नसावा!

"आई, गंगेचं पाणी बघितलंत का?" सून मंजुषा म्हणाली. "काल नाक दाबून घाट ओलांडला मी."

"गोदामाई आहे ती. सगळं पोटात घेते."

"तेच तर! आपल्या मोरीसकट घेतलंय!"

मग मी युक्ती काढली. धरणातून पाणी सुटलं की घाट कसा लख्ख वाहतो! आणि माझा भाचा अश्विन पाण्याच्या खात्यात. कुठल्या पाण्याच्या, ते मी कधी विचारलं नव्हतं. त्याला म्हटलं, "बाळा, पाणी सोडलं की पहिला फोन मावशीला!"

दशमीला पहाटे फोन आला. "मावशी, पाणी सोडलंय! तू आज..."

"कळलं रे राजा! सुखी राहा!" मी फोन ठेवला आणि इंदिरानगरातलं आमचं अख्खं भजनी मंडळ रिक्षांत कोंबलं.

घाटावर पाणी खरंच चढलं होतं. वर पांढराशुभ्र फेस, जणू कुणी अख्खी डेअरी गंगेत पालथी केलीये!

घाटावर झेंडू विकणाऱ्या नवसाबाईंनी पदर नाकाला लावला. "काकू, लय वास मारून राहिलं हे!"

"धरणाच्या तळाचं आहे, बाई. अगदी ताजं."

"ताजं तर हे! आज सकाळचंच दिसतंय!"

मी दुर्लक्ष केलं. सगळ्यांना हाताला धरून पाण्यात उतरवलं, मंत्र म्हटला, डुबक्या मारल्या. बाहेर येऊन अंग पुसते तोच पुन्हा फोन! ओल्या बोटांनी तो नेमका स्पीकरवर गेला.

"मावशी, तू घाटावर नाहीस ना? आमचा पंप बंद पडलाय. मैल्याचं पाणी सोडलंय नदीत! सकाळी तेच सांगत होतो!"

"अरे, पण तू धरणावर ना?"

"धरणावर कधी होतो मी? मी ड्रेनेजला!"

मंडळातल्या कुसाबाई अजून पाण्यात होत्या. आचमनाचं पाणी तोंडात घेतलेलं. ना गिळता येईना, ना गंगेत थुंकता येईना! डोळे तेवढे माझ्याकडे वटारलेले.

घरी मंजुषाने मला दारातच अडवलं. "आई, तिथेच थांबा! आधी आंघोळ." गंगास्नान करून आले म्हणून शुद्धीची आंघोळ! कडुनिंबाचा पाला, साबण, कढत पाणी. संध्याकाळी भजनाला टाळ वाजेनात. प्रत्येकीचे दोन्ही हात खाजवण्यात गुंतलेले! डॉक्टरांनी नदीचं नाव काढायचं नाही असं बजावलं आणि माझा नेम मोडला.

पौर्णिमेला राहवलं नाही. गेले, आणि सगळ्यात वरच्या पायरीवरूनच हात जोडले. खाली तोच फेस. रडूच आलं हो. म्हटलं, "माई, आता तुलाच एकदा स्वच्छ आंघोळ घालायला हवी गं."

घातलीही असती. पण कुठल्या नदीत?