मूळ वासासकट

पार्सल कय्युमनं स्क्रू काढायच्या पेचकसानं फोडलं. कात्री घरात होती, पण घरात शिरायचं म्हणजे आधी आंघोळ, आणि सकाळपासून त्याच्या दोन आंघोळी झाल्या होत्या. तिसरीला त्याचा ठाम नकार होता.

बाभुळगावात बसस्टँडमागे त्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज, आणि गॅरेजला लागूनच घर. तीस वर्षं दोन्हींच्या मध्ये दार असं नव्हतंच. लेक फरीदा बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा सातव्या महिन्यापासून रोज गॅरेजातच खुर्ची टाकून बसायची, बापाशी गप्पा मारत चिंचा खायची. मग नात झाली, अतिया. दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं, बाळाला घेताना हात स्वच्छ धुवा. तेवढंच सांगितलं. पण कय्युमच्या बायकोनं, शबानानं, त्या एका वाक्याचा कायदा करून टाकला. दहाव्या दिवशी तिनं मधल्या मोकळ्या जागेत जाड प्लास्टिकचा पडदा लावला, घरभर फिनाइलचा पोछा मारला आणि जाहीर केलं, "चाळीस दिवस ऑइल-ग्रीसचा वास लेकराजवळ नाही पाह्यजे."

कय्युमनं साबण घासला, राख घासली, लिंबू चोळलं. तीस वर्षांचा वास नखांतून निघेना. नातीला त्यानं आजवर एकदाच मांडीवर घेतलं होतं, दवाखान्यात, शबाना चपला शोधत होती तेवढा वेळ. चाळिसाव्या दिवशी केळापूरचे सासरचे येऊन पोरीला घेऊन जाणार होते. आज बाविसावा होता. पडद्याआड अतिया रडत होती. दहा-बारा दिवस तिचं हेच चाललं होतं. कोणी म्हणे पोटात गॅस, कोणी म्हणे नजर. शबाना म्हणे, फरीदानं वांगं खाल्लं.

पार्सलात जुने कपडे होते. शबानाच्या माहेरची रीतच तशी. चाळीस दिवसांचा चिल्ला होईपर्यंत लेकराला नवं कापड लावायचं नाही, दुसऱ्या धडधाकट लेकराच्या अंगावरून उतरलेलं घालायचं. नात्यातले असे सगळे कपडे फुलसावंगीच्या मावशीनं भांडेवालीला देऊन त्याचं स्टीलचं पातेलं घेतलं होतं. शेजारून आणलेली दोन झबली विरून गेली, तेव्हा फरीदानं मोबाइलवर मागवले. सहा झबली, चार टोपडी, दोन दुपटी. 'एकदाच वापरलेले, स्वच्छ, मऊ.'

कय्युमनं आतली पिशवी उघडली आणि मान मागे घेतली.

"काय मरून पडलं बे याच्यात?"

गाडीचं इंजिन उघडून पडलेलं असल्यामुळे सकाळपासून बाकावर बसून असलेले वामनराव पुढे सरकले. वामनराव शेतकरी माणूस, नाकाची त्यांना भारी घमेंड. पोत्याला नुसतं नाक लावून सोयाबीन किती भिजलं ते सांगायचे. त्यांनी एक झबलं उचलून डोळे मिटले.

"भिजलेल्या सोयाबीनची गंजी," ते म्हणाले. "खालचा थर."

"कुत्रं आहे," कय्युम म्हणाला. "ओलं कुत्रं."

पडद्यातून शबानाचा हात आला आणि एक टोपडं घेऊन गेला. आतून आवाज आला, "बंद पेटीचा वास आहे." मग फरीदाचा, रडवेला, "नाही अम्मी, आंबलेलं दूध आहे. अन् वरतून सेंट मारला."

कय्युमचा पारा चढायला एवढं पुरे होतं. खरं तर तो तेरा दिवसांपासून चढलेलाच होता, फक्त ओतायला जागा मिळत नव्हती.

"मी तीन-तीन डाव आंगोळ करून राह्यलो," तो पडद्याकडे तोंड करून गरजला. "लिंबू चोळून चोळून हाताची सालं निंघाली. तरी मी बाहेर. अन् हे कोन्या गावच्या लेकराचं सडकं झबलं सीधं तिच्या आंगाले? याच्यासाठी काहून नाही पडदा?"

"हे धुतलं का निंघते," शबाना आतून म्हणाली. "तुमचं धुतलं तरी निंघत नाही."

  कय्युमनं वामनरावांच्या इंजिनाचा एक धडधाकट नट इतका जोरात पिळला की त्याचे आटे गेले.

शबानानं कपडे धुतले. वाळल्यावर वास होताच. तिनं दोन दिवस कडक उन्हात टाकले, तर वास फक्त गरम झाला. फरीदानं मोबाइलवर बघून सिरका आणि खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात रात्रभर भिजवले, त्यानं लोणच्याची बरणी उघडल्यासारखं झालं. मग निंबाचा पाला झाला. मग शबानानं लोबान जाळून त्यावर टोपली उलटी घातली आणि टोपलीवर झबली पसरली. मूळचा वास हळूहळू दमला, पण आलेला एकही पाहुणा परत जायला तयार नव्हता. कय्युम रोज पडद्याशी येऊन एक झबलं मागून घ्यायचा, हुंगायचा आणि चेहऱ्यावर कडू समाधान आणून परत द्यायचा.

"निंघाला का?" वामनराव विचारत. आटे गेल्यामुळे त्यांची गाडी अजून तिथेच होती.

"कायचा निंघते."

पाचव्या दिवशी त्यानं स्वतः उपाय करायचं ठरवलं. गाडीचा कार्बोरेटर साफ होतो तर झबलं का होऊ नये, असा त्याचा हिशेब. एक झबलं चिमट्यात धरून त्यानं कॉम्प्रेसरची हवा मारली. झबलं चिमट्यातून सुटलं, वामनरावांच्या टोपीवरून उडालं आणि जळक्या ऑइलच्या परातीत जाऊन पडलं.

"हात दाखवून अवलक्षण," शबाना पडद्यामागून म्हणाली. तिला आवाजावरूनच सगळं कळायचं.

आता मात्र फरीदानं मोबाइलवर तक्रार लिहिली आणि कय्युमनं तिच्याकडून कंपनीचा नंबर घेतला. आधी गाणं वाजलं, मग एक दाबा झालं, मग चार दाबा झालं, आणि कय्युमनं तोवर जमवलेला सगळा राग एका गोड आवाजाच्या मुलीवर ओतला. तिनं तो शांतपणे ऐकून घेतला. या शांतपणासारखी चीड आणणारी दुसरी गोष्ट जगात नाही.

"सर, परत करण्याची मुदत आज संध्याकाळपर्यंत आहे. आमचा माणूस चार वाजता येईल. वस्तू फक्त मूळ स्थितीत असायला हवी."

"मूळ स्थितीत म्हंजे?"

"जशी आपल्याला मिळाली तशी, सर. आपण कारण 'दुर्गंध' असं नोंदवलंय. तपासणीत तो दुर्गंध आढळला नाही, तर वस्तू परत घेता येणार नाही."

कय्युमनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "म्हंजे बाई, तुमचा वास तुमाले वापस पाह्यजे."

"मूळ स्थितीत, सर."

दुपारचा एक वाजला होता. पाच दिवस खपून जो वास घालवला, तो तीन तासांत परत आणायचा होता. दुसरा कोणी असता तर बारा कपडे आणि पैसे गेले असं म्हणून झोपला असता. पण कय्युमला ते कपडे घरातून बाहेर काढायचेच होते. घरात वासाला जागा नाही असा कायदा असेल, तर तो सगळ्यांना सारखा लागू झाला पाहिजे.

काळं झालेलं झबलं साबणानं रगडून निदान करडं करण्यात आलं. वामनराव शेजारच्या अडतीतून कुजक्या सोयाबीनची मूठ घेऊन आले. फरीदाकडून आंबलेलं दूध मागवलं. कय्युम मात्र कुत्र्यावर ठाम होता. गॅरेजच्या पायरीवर सात वर्षं झोपणाऱ्या कुत्र्यावर त्यानं बादलीभर पाणी ओतलं आणि दुपट्यानं त्याला पुसायला घेतलं. कुत्र्यानं अर्ध्यातच दुपटं सोडलं, गॅरेज सोडलं आणि बसस्टँडचा रस्ता धरला. सगळं एकत्र करून उन्हात दडपायचं, तर गाठोडं बांधायला फडकं सापडेना. कय्युमनं अंगातला कामाचा शर्ट काढला, त्यात सगळं घट्ट बांधलं आणि टिनाच्या छपरावर टाकलं.

साडेतीनला वामनरावांनी गाठोड्याला नाक लावलं. "जमलं," ते म्हणाले. "तोच आहे. खालचा थर."

चारला कंपनीचा माणूस आला. रजत नावाचा पोरगेला तरुण, पाठीवर मोठी पिशवी, हातात मोबाइल. बनियनवर उभ्या असलेल्या कय्युमनं गाठोडं त्याच्यापुढे असं धरलं जसं कोणी सत्काराचा नारळ धरतो. रजतनं हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग मोबाइलमध्ये पाहिलं.

"चाचा, वास तर आहे."

"आहे ना?" कय्युम इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला.

"पण हा तो नाही. तक्रारीत लिहिलं आहे, आंबलेलं दूध अन् सेंट. हे तर लोणचं आहे. लोबान आहे. कुत्रं आहे. अन् सगळ्यात जास्त तर गॅरेज आहे. वास बदलला असन तर मले माल घेता येत नाही."

"सोयाबीन नाही आलं तुले?" वामनरावांनी दुखावल्या स्वरात विचारलं.

कय्युमचं हसू तिथल्या तिथे मावळलं. तेरा दिवस, पाच दिवस, आंघोळी, लिंबं, एक दाबा, चार दाबा, सगळं एकदम त्याच्या डोक्यात गेलं.

"घरचे वास आहे म्हून अंदर घेत नाहीत," तो ओरडला, "अन् कंपनी तो वास नाही म्हून वापस घेत नाही. मंग ठेवा तुमच्याच घरात." आणि त्यानं ते गाठोडं पडदा सारून आत भिरकावलं.

गाठ हवेतच सुटली. झबली फरशीवर पसरली, टोपडी शबानाच्या पायाशी पडली आणि शर्ट जाऊन पाळण्याच्या दांडीवर लटकला. आणि घर एकदम चूप झालं.

कय्युम धावत पडद्याशी गेला. तो पडद्यात तोंड घालून ओरडला, "लागलं का तिले? काहून चूप झाली?"

 शबाना पाळण्यात वाकून बघत होती. अतिया जागी होती. शर्टाची बाही तिच्या वर हलत होती आणि ती तिच्याकडे टक लावून बघत होती. शबानानं दोन बोटांनी शर्ट उचलला. अतियानं तोंड पसरलं. शबानानं शर्ट ठेवला. तोंड मिटलं. शबानाचा विश्वास बसेना, म्हणून तिनं पंच म्हणून वामनरावांना आणि रजतला पडद्याशी बोलावलं आणि त्यांच्यादेखत पुन्हा एकदा करून पाहिलं. निकाल तोच.

"अम्मी," फरीदा हळूच म्हणाली, "मी तीन महिने तिथंच तर बसत होतो खुर्ची टाकून. जलमल्यावर बी दहा दिवस घरात हाच वास होता. ज्या दिवशी तुवा पडदा लावला, त्याच दिवसापासून रडून राह्यली ती."

शबानानं शर्टाची बाही पाळण्यावर नीट केली. चूक कबूल करणं तिच्या माहेरच्या रीतीत नव्हतं. शेवटी तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"आंगोळ झाली का तुमची?"

"नाही," कय्युम भांडणाच्या तयारीत म्हणाला.

"मंग तिकडं कायले उभे राह्यले? हात तेवढे धुवा अन् या अंदर."

कय्युमनं हात धुतले. चेहरा मात्र त्यानं भांडणाचाच ठेवला. मांडी घालून बसला, नातीला घेतलं, आणि ती पाच मिनिटांत झोपली. तो अर्धा तास हलला नाही. वामनरावांनी गाडीचं विचारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. रजत दारात ताटकळत होता. "चाचा, मी काय लिहू?" त्यानं कुजबुजत विचारलं.

"लिही, गिऱ्हाइकानं माल ठेवला," शबाना म्हणाली. त्याच आठवड्यात तिनं बाराही कपडे भांडेवालीला देऊन एक गाळणी घेतली. अतियाच्या अंगावर मात्र तिनं कय्युमच्या दुसऱ्या जुन्या शर्टाची झबली शिवून घातली. तीही उतरलेल्या कपड्यांतच मोडतात, असं तिनं माहेरी कळवून टाकलं.

चाळिसाव्या दिवशी समधी जमीरभाई, फरीदाचे सासरे, जावयाला घेऊन आले. पांढरा शुभ्र कुर्ता, कानात अत्तराचा बोळा. लेकरासोबत पाळण्यावरचा तो काळाकुट्ट शर्ट दिला, तो त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत टाकून पिशवीला दोन गाठी मारल्या. गाडी गेल्यावर कय्युमनं पडदा उतरवून भंगारात दिला. आता त्याची कोणाला गरज नव्हती. पुढचे दहा दिवस तो कोणावर ओरडलासुद्धा नाही, त्यामुळे शबाना काळजीत पडली. केळापूरहून निरोप आला की शर्टाचा वास उडत चालला आहे, दुसरा पाठवा. तिनं पार्सलनं पाठवला.

चौथ्या दिवशी जमीरभाईंचा फोन आला. त्यांचा आवाज चढलेला होता आणि मागे अतिया त्याहून चढ्या आवाजात रडत होती.

"कय्युमभाई, हा कोन्ता शर्ट पाठवला तुमी? हा तर धुतलेला निंघाला. साबणाचा वास येऊन राह्यला. कालपासून घरात कोनी झोपलं नाही. मी हा माल वापस करून राह्यलो."

कय्युमनं फोनवर हात ठेवला आणि तो शबानाकडे वळला. "कोनं धुतला?"

"समध्याच्या घरी पाठवायचा होता," ती पुटपुटली. "तसाच कसा पाठवू?"

कय्युम तिच्यावर मनसोक्त ओरडला. पंधरा दिवसांत साठलेलं सगळं ओरडला. शबानानं ते निमूटपणे ऐकून घेतलं आणि तिला जरा बरंही वाटलं. मग त्यानं फोन कानाला लावला. "वापस नोका पाठवू जमीरभाई. आंगावरचाच घेऊन येतो."

त्यानं भर दुपारी गॅरेज बंद केलं. वामनरावांची गाडी पुन्हा उघडी पडलेली होती, ती तशीच राहिली. दारात तीन मोटारसायकली उभ्या असताना त्यानं एकही घेतली नाही, वाऱ्यानं सगळा वास वाया गेला असता. यवतमाळला गाडी बदलून तो केळापूरच्या एसटीत बसला. बाहेर बेचाळीस अंश ऊन होतं. शेजारच्या बाईनं आधी पदर नाकाला लावला, मग उठून मागच्या सीटवर गेली. कय्युमला राग आला नाही. त्यानं सरकून खिडकीची काच घट्ट लावून घेतली.