पाठमोऱ्या फौजेने घाट राखिला त्याची हकीकत

श्रीजळदेवता समर्थ. जिच्या कृपेने नाव तरते, आणि नाव उलटली तरी माणूस चिखलात का होईना काठास लागतो, तिचे पायी मस्तक ठेवून शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सरी, पौष मासी नदीकाठच्या राज्यात जे महायुद्ध जाहले ते यथामति लिहितो.

राज्य म्हणजे घाटावरील पत्र्याची शेड, आणि दौलत म्हणजे एक लांब निमुळती नाव. राज्य स्थापिले सौदामिनीबाई कर्णिक यांणी. बाई शाळेच्या मुख्याध्यापिका, निवृत्त जाहल्या, घरी जीव रमेना, मग त्यांणी पन्नाशीची माणसे गोळा केली आणि त्यांस वल्हविणे शिकविले. वल्ह्यांवर चौघे: फणसळकर दंतवैद्य, हुसेनभाई बागवान फळवाले, विमलताई ढमढेरे पोळीभाजीवाल्या आणि बर्वे वकील. खाशा बाई सुकाणूवर. या फौजेची रीत जगावेगळी. वल्हेकऱ्याने जाण्याचे दिशेस पाठ करून बसावे, पुढचे एकट्या सुकाणूवालीस दिसावे, आणि तिच्या शब्दावर बाकीच्यांनी ओढावे. पण मंडळी आपापल्या घरी हुकूम सोडणारी, दुसऱ्याच्या डोळ्यांनी चालण्याची सवय कोणास? मागील सालचे शर्यतीत फणसळकरांस राहवेना, कुठवर आलो म्हणून मान वळविली, त्यांचे पाहून तिघांनी वळविली, नाव कलंडली, आणि सारे राज्य गळ्याइतक्या पाण्यात उभे राहिले. पैलतीरचे तरणे गडी हसून हसून बेजार जाहले. मग त्यांणी शेडेवर दावा सांगितला, आणि घाटाच्या कारभाऱ्यांणी निवाडा दिला की यंदा जिंकेल त्याची शेड.

बाईंचे तोंडचे पाणी पळाले. म्हणाल्या, "शेड गेली तर नाव ठेवायची कुठे? माझ्या दिवाणखान्यात? आणि मी तरी सकाळी उठून जाऊ कुठे हो?"

फणसळकर म्हणाले, "बाई, यंदा मान वळली तर माझं नाव बदला."

विमलताई म्हणाल्या, "नाव कशाला बदलायचं? मी मागेच बसते तुमच्या. वल्हंच घालीन डोक्यात!"

शर्यतीचे दिवशी उभय फौजा सज्ज जाहल्या, शिटी वाजली, आणि तरणे बाणासारखे पुढे गेले. शत्रू पुढे असता पाठमोऱ्यास तो दिसत नाही, दिसते ते आपण कापिलेले रिकामे पाणी. तेच पाणी पाहून फणसळकरांची मान शिवशिवू लागली. ते बाईंसमोरच बसले होते.

"किती पुढे आहेत हो?"

"माझ्याकडे बघा आणि ओढा!"

बाईंच्या चेहऱ्यावरून तर इयत्ता चौथीसही कधी निकाल कळला नव्हता. मग फणसळकरांनी ओढिले, आणि तिघांनी ओढिले, आणि चारी वल्ही प्रथमच एका आवाजात पाण्यात पडली. मग पाठीमागून परक्यांची धाप ऐकू आली, मग ती कानाशी आली, मग डोळ्याच्या कोपऱ्यात परके वल्हे चमकले. इकडे म्हातारे दिसेनासे जाहले म्हणून तरण्यांणी माना वळविल्या, त्यांची नाव डगमगली, वल्ह्यांत वल्ही अडकली, आणि शत्रू हळूहळू दृष्टीसमोर मागे सरू लागला.

हुसेनभाई गरजले, "बाई, पाठी दिसल्या! चौघांच्याही पाठी दिसल्या!"

धन्य तो दिवस! काठावर टाळ्या, शिट्या, डब्यांची नौबत, एकच जल्लोष जाहला. सीमेची दोरी मागे पडली आणि बाईंचे डोळे भरून आले, पुढचे काही दिसेना, थांबा म्हणणेही सुचेना. तेव्हां चौघांनी ओढीत ओढीत नाव थेट धोबीघाटाच्या चिखलात नेऊन रुतविली, परंतु एकानेही मान वळविली नाही.

सारांश इतकाच की शेड राहिली, नाव धुऊन आत ठेविली, हुसेनभाईंणी गावात बोरे वाटिली, आणि दुसरे दिवशी सकाळी बाई शेडेची किल्ली घेऊन सर्वांआधी घाटावर हजर होत्या. देवीने लिहविले, तितके लिहिले.