बोरसे सरांचा खळगा

लवळ्याच्या आमच्या संशोधन संस्थेच्या कॅन्टीनमध्ये बोरसे सर पोळ्या घेत नसत, कच्ची कणीक मागून घेत. आमटी गार व्हायची आणि सर कणकेचं प्रथिन वळत बसायचे. वाढणाऱ्या शांतामावशींनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमच्या सरास्नी चपाती ठावं न्हाई व्हय?"

सर मूळचे धुळ्याचे. मी त्यांच्या प्रयोगशाळेत नवा असताना त्यांनी कणकेचे दोन गोळे एकमेकांत बसवून दाखवले होते. ही दोन प्रथिनं चिकटली की पेशी वाट्टेल तशा वाढतात. चिकटतात ती एका खळग्यात. त्या खळग्यात नेमका बसेल असा छोटा रेणू घडवला, की दुसऱ्या प्रथिनाला जागाच उरत नाही. "आधी बघा, मग भरा," हे सरांचं पालुपद. प्रयोगशाळेतला फ्रिज लावतानाही तेच ऐकावं लागे.

आम्ही त्यांच्या पाठीमागे हसायचो. ती प्रथिनं सरांच्या बायकोच्या, वहिनींच्याच आजारातली आहेत हे कळलं, तेव्हा मला माझी लाज वाटली. सर आठवड्याचे सातही दिवस का येतात, तेही कळलं.

मग चूक सापडली, आणि ती नेमकी मला सापडली. प्रथिनाची रचना बघायला त्याचे स्फटिक करतात. त्यात प्रथिनाचे रेणू दाटीवाटीने बसतात. शेजारच्या रेणूच्या रेट्याने पडलेला खळगा सरांनी खरा धरला होता. प्रथिन पाण्यात मोकळं सोडलं, की तो राहतच नव्हता. दोन वर्षं सर नसलेली जागा भरत होते.

मी सांगितलं. सरांनी संगणक बंद केला.

"घरी तिला तू सांगशील?" ते म्हणाले. "मला नाही जमणार."

संध्याकाळी त्यांच्या सूसच्या फ्लॅटवर गेलो. वहिनी खिडकीपाशी शाल घेऊन बसल्या होत्या, फार वाळल्या होत्या. सर चहाच्या निमित्ताने आत सटकले. मी खळग्याचं सगळं सांगितलं. पुन्हा पहिल्यापासून करायला किती वर्षं लागतील, असं त्यांनी विचारलं. मला खोटं बोलता आलं नाही.

त्यांनी मान हलवली. मग स्वयंपाकघराकडे बघत हळूच म्हणाल्या, "म्हणजे आता हे रविवारी घरी असतील?"

सरांना न विचारताच मी हो म्हणून टाकलं.