मैदानाकडे पाठ

आमच्या फुटबॉल मंडळाचा सामना कोठेही असो, गणपतराव चिखले डाव्या कोपऱ्यातील निशाणाशेजारी येऊन उभे राहत आणि सुरुवातीची शिट्टी वाजताच मैदानाकडे पाठ करीत. त्यानंतर सामना संपेपर्यंत ते लिंबाच्या झाडाकडे, सायकलींच्या रांगेकडे किंवा प्रेक्षकांच्या तोंडांकडे एकाग्रतेने पाहत. हाफटाइमला संघांनी बाजू बदलल्या की हेही पलीकडच्या डाव्या कोपऱ्यात जात आणि तेथे नव्याने पाठमोरे उभे राहत. खेळाची हकीकत ते शेजाऱ्याकडून घेत. दुर्दैवाने तो शेजारी बहुधा मी असे.

"साहेब, आता बॉल कुठं हाय?"

"मध्यावर."

"कुनाकडं?"

"वळून पाहा की!"

"तुमी हाय ना. सांगा."

मी दिवाणी न्यायालयात चाळीस वर्षे नोकरी करून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. इतरांच्या जबान्या उतरून घेण्यात माझी हयात गेली. आता उतारवयात एका धडधाकट डोळ्यांच्या माणसाला उघड्या मैदानावर चेंडूचा ठावठिकाणा सांगत बसणे मला मुळीच मान्य नव्हते. आपण पाहिले की आपल्या संघाचा गोल हुकतो, अशी त्यांची समजूत असल्याचे कोणीतरी मला सांगितले होते. सार्वजनिक ठिकाणी अंधश्रद्धेचे असे प्रदर्शन चालू देणे मंडळाच्या घटनेत बसत नाही, अशी दोन पत्रे मी कार्यवाहांना लिहिली. उत्तर आले नाही. तिसऱ्या पत्रात मी उत्तर न आल्याबद्दल खुलासा मागितला. तोही आला नाही.

गणपतराव देवळाली प्रवऱ्याचे बागाईतदार. पाच एकर ऊस, दोन बैल, लाल पटका, आणि बायको वारल्यानंतर चुलीपुढे बसायला दुसरे कोणी नाही. डाव्या कडेने खेळणारा आमचा लेफ्ट आउट नामदेव हा त्यांचा एकुलता एक मुलगा. तो नगरला खोली घेऊन राही, एका वर्कशॉपमध्ये काम करी. बापलेकांत तीन वर्षे अबोला होता, एवढे सर्वांना ठाऊक होते. कारण कोणी विचारीत नसे.

ते कारण मला समजले बहात्तर सालच्या हिवाळ्यात, पुण्याच्या सामन्याला जाताना. खेळाडू ट्रकने पुढे गेले होते. त्या ट्रकमध्ये नामदेव असल्यामुळे गणपतराव बसने निघाले होते, आणि ट्रकच्या फळकुटावर बसणे माझ्या कमरेला झेपत नसल्यामुळे मीही. शिरूरला चहा घेताना मी त्यांना स्पष्ट शब्दांत समज दिली.

"गणपतराव, तुमच्या पाहण्याने गोल हुकत नाही. ही अंधश्रद्धा आज तरी सोडा."

"अंधश्रद्धा? कोन म्हनलं?"

"मग पाठ का करता?"

"मनाई हाय."

"कोणाची?"

"नामाची."

ते बशीत चहा ओतीत राहिले. मग त्यांनी जे सांगितले, त्याचा गोषवारा असा. तीन वर्षांपूर्वी नगरला अंतिम सामना होता, आणि त्याच दिवशी कालव्याच्या पाण्याची यांची पाळी होती. आमच्या कालव्यावर पाळी ठरलेल्या तासाला येते. त्या तासाला दारे धरायला माणूस नसला, तर पाणी पुढच्याच्या शेतात जाते आणि ऊस पुढच्या पाळीपर्यंत वाळतो. मुलगा न सांगता खेळायला गेला. गणपतराव फावडे हातात घेऊन तसेच नगरला आले, ऐन खेळात मैदानात शिरले, आणि हजार माणसांदेखत त्यांनी नामदेवाच्या थोबाडीत मारली.

"मारली ती मारली," ते म्हणाले, "वर कालरला धरून भाईर वढला. त्यो काय बोलला न्हाई. येशीच्या भाईर आल्यावर येवढंच म्हनला, 'दादा, पुन्हा माझी म्याच बघाया आलात, तर म्या जन्मात बूट घालनार न्हाई.' तवापासनं घरी न्हाई आला."

"आणि तरी तुम्ही प्रत्येक सामन्याला येता!"

"येतो. पर बघतो कुठं? बघू नका म्हनला, म्या बघत न्हाई. येऊ नका आसं त्यो म्हनला न्हाई."

चाळीस वर्षांत हुकुमाचा इतका काटेकोर अर्थ लावणारा पक्षकार मला भेटला नव्हता. अंधश्रद्धेविषयीची माझी तिन्ही पत्रे मला त्या चहाच्या टपरीवर परत घ्यावीशी वाटली.

"आज पाळी नाही का तुमची?" काहीतरी बोलायचे म्हणून मी विचारले. त्या वर्षी पाऊस नव्हता. कालव्याला पाणी आले तर आले, अशी स्थिती होती.

"हाय की. दुपारची." त्यांनी बशी खाली ठेवली. "जाऊ द्या. नामाची आज शेवटची म्याच. पुन्यावरनंच मुंबईला चाललाय, गिरनीच्या टीममधी. तितं म्या कुठं जानार? आज त्यो एक शबूद बोलला तरी बास झालं, साहेब. शिवी दिली तरी चालंल."

पुण्याच्या मैदानावर त्यांनी नेहमीचा कोपरा धरला. मैदानाकडे पाठ करून प्रेक्षक न्याहाळणारा मनुष्य एकतर पोलीस असतो किंवा खिसेकापू, या समजुतीने आसपासच्या लोकांनी आपापले खिसे चाचपले. एका टोपीवाल्या गृहस्थांना राहवले नाही.

"अहो पाहुणे, खेळ इकडे चालू आहे."

"ठावं हाय. तुमी बघा. मला सांगाया मानूस हाय."

"नगरकडे असंच बघतात वाटतं!" गृहस्थ म्हणाले, आणि रांगेतले सगळे हसले. मी त्यांना नाव-पत्ता विचारला. त्यांनी दिला नाही.

सामना उत्तरार्धापर्यंत बरोबरीत होता. मग आम्हांला कॉर्नर मिळाला आणि तो घेण्यासाठी नामदेव आमच्याच कोपऱ्यात आला. बापलेकांत दोन हातांचे अंतर राहिले.

"नामदेव आला आहे," मी हळूच म्हणालो. "तुमच्या अगदी मागे."

गणपतरावांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. ते हलले नाहीत.

"वळा!" मी ओरडलो. मला संताप आवरेना. "तीन वर्षे झाली! वळा म्हणतो!"

"ज्यानं हुकूम काढला त्यानंच मागं घ्यावा, साहेब," ते समोरच्या लिंबाच्या झाडाला म्हणाले. "म्या कोन? तुमी तरी कोन?"

नामदेवाला हे ऐकू गेले असलेच पाहिजे. चेंडूवर हात ठेवून तो वाकला होता, तो तसाच राहिला. रेफ्रीने शिट्टी वाजवली, पुन्हा वाजवली. मी गणपतरावांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो, त्यामुळे लाथ कशी बसली ते मला सांगता येणार नाही. चेंडू सरळ गोलच्या मागे गेला. असा कॉर्नर त्या मुलाने कधी घेतला नव्हता.

शेवटच्या मिनिटांत उघड उघड ऑफसाइड असलेला गोल आमच्यावर मान्य करण्यात आला. सामना संपताच मी रेफ्रीकडे धावलो, त्याला नियम वाचून दाखवला, आणि बाकावर बसून तीन मुद्द्यांचा निषेधअर्ज लिहिला. अर्ज अत्यंत मुद्देसूद होता. तो घेण्यास त्याने नकार दिला.

मी परत निघालो तेव्हा तेच टोपीवाले गृहस्थ मला फाटकाशी भेटले. आता त्यांचा आवाज निराळा होता.

"तुमचा तो डावीकडचा पोरगा," ते म्हणाले, "हातात बूट घेऊन बराच वेळ त्या म्हाताऱ्यांच्या मागे उभा होता. मला वाटलं, हे वळतील. त्यालाही तसंच वाटलं असणार. मग कोणीतरी 'स्टेशन, स्टेशन' म्हणून हाका मारल्या, तेव्हा गेला."

मनाई सामना पाहण्याची होती. शिट्टी झाली तेव्हाच ती संपली होती. एवढा साधा अर्थ सांगायला त्या क्षणी तेथे कायदा जाणणारा एकच मनुष्य हवा होता, आणि तो बाकावर बसून अर्ज लिहीत होता.

गणपतराव कोपऱ्यात तसेच उभे होते.

"संपली का?" त्यांनी विचारले.

"केव्हाच. वळा आता."

ते वळले. मैदानावर चुन्याच्या रेघा होत्या आणि एक कुत्रे हिंडत होते.

"गेला व्हय?"

"गेला."

गृहस्थांनी सांगितलेले मी त्यांना सांगितले नाही.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले. सुपे मागे पडल्यावर म्हणाले, "साहेब, नामा आता दिसतो कसा?"

मी सवयीप्रमाणे वर्णन दिले: उंची साडेपाच फूट, वर्ण सावळा, मिशी बारीक, उजव्या भुवईवर जुनी खूण.

"ती खून लहानपनची. दावनीला पडला हुता." ते माझ्याकडे वळले. "पर दिसतो कसा?"

मी पुष्कळ आठवून पाहिले.

"तुमच्यासारखा," मी म्हणालो.

ते खरे होते की नव्हते, हे मी आजही शपथेवर सांगू शकणार नाही.

गणपतरावांनी पटका उतरवून मांडीवर ठेवला, आणि आपल्याच चेहऱ्यावरून, कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश हात फिरवला.