कुशल व्यक्ती पाहिजे

म्युनिकच्या एका पेटंट कार्यालयातले वरिष्ठ परीक्षक कोर्बिनियन प्रेख्टल यांच्या छातीत जिना चढताना दुखत असे. या दुखण्याची त्यांनी दखल घेतली नव्हती, कारण ते नवीन नव्हतं. वडिलांच्या छातीत दुखायचं, आजोबांच्याही दुखायचं. म्हणजे प्रेख्टल घराण्यात हे दुखणं आधीपासून ज्ञात होतं, आणि ज्ञात गोष्टीचं कौतुक करायचं नाही हा तर त्यांच्या नोकरीचा पायाच होता.

"अरे, डॉक्टरला दाखव एकदा," बायको वाल्बुर्गा म्हणायची.

"दाखवून सांगू काय? त्यात वैशिष्ट्य काय आहे?"

"वैशिष्ट्य हे की या खेपेला मरणारा तू असशील."

प्रेख्टल यावर हसत नसत. त्यांना विनोद कळत नव्हता असं नाही, पण हाही त्यांनी आधी ऐकलेला होता.

पेटंट द्यायचं की नाही हे परीक्षक स्वतः ठरवत नाही, हे आधी सांगायला हवं. ते 'कुशल व्यक्ती' ठरवते. ही कायद्यात राहणारी व्यक्ती आहे. आपल्या विषयावर जगात कुठल्याही भाषेत छापलेला प्रत्येक कागद तिनं वाचलेला असतो, एकही ओळ ती विसरत नाही, आणि जन्मापासून तिच्या डोक्यात एकही कल्पना आलेली नसते. अशा व्यक्तीला जे सहज जमलं असतं, तो शोध नव्हे. आता कल्पनाच नसलेल्या माणसाला काय जमलं असतं याची कल्पना कुणी करायची? तर परीक्षकानं. प्रेख्टल हे काम इतक्या निष्ठेनं करत की संध्याकाळी घरी आले तरी ती व्यक्ती सोबत यायची.

"रविवारी डुकराची तंगडी भाजतेय," वाल्बुर्गा विचारायची. "तुझी ती कुशल व्यक्ती येणार आहे का जेवायला?"

"तिला भूक लागत नाही."

"मग तुझ्यापेक्षा परवडेल."

तर अशा या प्रेख्टलांच्या टेबलावर हृदयरोगतज्ज्ञ डॉ. क्रेसेंट्स हास्लबेक यांचा अर्ज आला. हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा आला की डॉक्टर मनगटातून एक तार आत घालतात, ती हृदयापर्यंत सरकवतात आणि तिच्यावरून कॅथेटर, म्हणजे पातळ नळी, पुढे नेतात. हे करताना क्ष-किरण चालू असतात, म्हणून अंगावर शिशाचा जड झगा असतो. तो झगा घालून हास्लबेकबाईंच्या पाठीचं पार वाटोळं झालं होतं. शेवटी वैतागून त्यांनी एक यंत्र बनवलं. डॉक्टरनं शेजारच्या खोलीत खुर्चीवर बसायचं, हातात दांडी धरायची. इकडे रुग्णाजवळ छोटे रूळ तारेला धरून एकाच वेळी ढकलणार आणि पिळणार, आणि आत जराशी अडचण जाणवली की आपसूक थांबणार. अवघड वळणं हाताला जमत नाहीत, ती या यंत्राला जमत.

प्रेख्टलांनी अर्ज डोळ्यांत तेल घालून वाचला. अर्जात 'बारीक तार' असं म्हटलं होतं. बारीक, पण कशापेक्षा? 'हळुवारपणे' असा शब्द होता, तो मोजता येत नसल्यानं काढायला लावला. मग सर्वांत गंभीर दोष सापडला: अर्जात रुग्ण होता. माणसावर करायच्या उपचाराला कायद्यानं पेटंट मिळत नाही, फक्त यंत्राला मिळतं. 'तरी रुग्ण वगळावा,' असं प्रेख्टलांनी कळवलं. हास्लबेकबाईंनी रुग्ण वगळला. त्यावर प्रेख्टलांनी कळवलं की, 'रुग्णाच्या अभावी सदर यंत्र तार नेमकी कशात सरकवते, याचा बोध होत नाही.'

त्यानंतर त्यांनी शोध घेतला, आणि दोन जुने कागद हाती लागले. पहिला, दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या सॉसेज भरण्याच्या यंत्राचा. त्यात नाजूक आतड्यात मांस न फाडता पुढे ढकललं जात होतं. दुसरा, खिडकीचा पडदा दुसऱ्या खोलीतून वरखाली करणाऱ्या मोटरचा. प्रेख्टलांना इतका आनंद झाला की त्यांनी उपाहारगृहातून स्वतःसाठी एक जास्तीचं ब्रेत्सेल, म्हणजे पीळ दिलेला खारा पाव, आणलं.

सुनावणीच्या दिवशी हास्लबेकबाई कमरेला पट्टा बांधून आल्या. प्रेख्टलांच्या दोन्ही बाजूंना एकेक सहपरीक्षक बसले होते, आणि त्यांचं काम मान हलवण्याचं होतं.

"सॉसेजचं यंत्र?" बाई म्हणाल्या. "साहेब, तुम्ही खरंच सॉसेजचं यंत्र म्हणताय?"

"लवचीक नळीत लांबट वस्तू पुढे सरकवणं, हे दोन्हीकडे समान आहे."

"अहो, सॉसेज फुटलं तर कुत्र्याला घालता येतं!"

"कुत्रा तुमच्या दाव्यात नाही," प्रेख्टल शांतपणे म्हणाले. सहपरीक्षकांनी माना हलवल्या.

"आणि ही दोन यंत्रं कुणी एकत्र जोडली असती? खाटकानं? पडदेवाल्यानं?"

"कुशल व्यक्तीनं. कोणतीही कल्पकता न वापरता."

"कोण ही? मला भेटवा तरी एकदा. मी तिला पगारावर ठेवते!"

हे बोलता बोलता बाई अचानक थांबल्या आणि प्रेख्टलांकडे निरखून पाहू लागल्या. "साहेब, तुम्हाला घाम का येतोय? डावा हात दुखतोय का? मी डॉक्टर म्हणून विचारतेय."

"हा मुद्दा मूळ अर्जात नव्हता," प्रेख्टल कपाळ पुसत म्हणाले. "उशिरा दाखल केलेले मुद्दे विचारात घेतले जात नाहीत."

अर्ज फेटाळला गेला. निकाल इतका सुरेख उतरला होता की कार्यालयानं तो नव्या परीक्षकांना वाचायला दिला. पेटंट नाही म्हटल्यावर भांडवलवाल्यांनी हास्लबेकबाईंच्या यंत्रातून अंग काढून घेतलं. जे आधीपासून सगळ्यांचंच आहे त्यात पैसे कोण घालणार? एकुलतं एक यंत्र होतं, ते खोलून त्याचे सुटे भाग एका कॉफीयंत्रवाल्यानं नेले. बाईंनी अपील केलं नाही. त्यांना तेव्हा पाठ टेकून पडण्याशिवाय दुसरं काही जमत नव्हतं.

पुढे शरदात, म्हणजे शहरात बिअरचे तंबू लागतात त्या दिवसांत, प्रेख्टल कार्यालयाच्या जिन्यावर कोसळले. शुद्धीवर आले तेव्हा ते रुग्णालयात होते, एका बाजूला वाल्बुर्गा होती आणि दुसऱ्या बाजूला, पट्ट्यासकट, डॉ. हास्लबेक.

"हे बघा," बाई पडद्यावरचं चित्र दाखवत म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच प्रेख्टलांना जास्त धडकी भरली. "तुमची मुख्य धमनी इथे बंद होत आलीय. आणि तिच्या अलीकडे हे असं वळण आहे. हातानं तार इथून जाणार नाही, मी कालच प्रयत्न करून पाहिला. छाती उघडावी तर हृदय इतकं दमलंय की ते सोसणार नाही. एकाच वेळी ढकलून पिळलं तरच जाईल."

"मग तुमचं ते यंत्र आणा की!"

"त्यातून आता कॉफी निघते."

वाल्बुर्गानं नवऱ्याकडे असं पाहिलं की त्यांनी डोळे मिटून घेतले. करून सवरून नामानिराळा राहायची सोय आता उरली नव्हती. "वाल्बुर्गा," ते हळूच म्हणाले, "मला भीती वाटतेय गं."

"वाटणारच रे," ती म्हणाली आणि तिनं त्यांचा हात घट्ट धरला.

एवढ्यात दार उघडून रुग्णालयाचे प्रशासक श्वायगर आत आले. काटकसरीचा पुरस्कार मिळालेला, हसतमुख माणूस. "प्रेख्टलसाहेब! काय योग आहे! तुमचा निकाल मी तीनदा वाचला. काय सोपं करून टाकलंत हो! आम्ही तर त्या महागड्या यंत्राच्या नादाला लागलो होतो. तुम्ही डोळे उघडलेत. सॉसेजचं यंत्र आम्ही कोपऱ्यावरच्या खाटकाकडून भाड्यानं घेतलंय. पडद्याची मोटर माझ्याच कचेरीतली काढलीय."

प्रेख्टलांच्या तोंडचं पाणी पळालं. "म्हणजे... ते माझ्यावर..."

"आज दुपारनंतर. सकाळी खाटकाला लागतं. पांढरी सॉसेजं इथल्या रीतीप्रमाणे बाराची घंटा व्हायच्या आत लोकांच्या पोटात जायला हवीत ना. साडेबाराला तो यंत्र धुऊन पाठवतो. अगदी स्वच्छ माणूस आहे."

"अहो, पण ती दोन यंत्रं नुसती शेजारी ठेवून काय होणार! ती जोडावी लागतात. कशी जोडायची हे कुणाला माहीत आहे?"

"कुशल व्यक्तीला," श्वायगर म्हणाले. "कोणतीही कल्पकता न वापरता. तुमचंच वाक्य आहे. आम्ही तशी जाहिरातही दिलीय. पण साहेब, खरं सांगू का, माणसं मिळत नाहीत हल्ली."

आणि ते खरंच होतं. 'कुशल व्यक्ती पाहिजे. विषयातलं सर्व ज्ञान आवश्यक. कल्पनाशक्ती असल्यास अर्ज करू नये,' अशी जाहिरात वाचून बरीच माणसं आली होती. एका निवृत्त प्राध्यापकांना सगळं येत होतं, पण मुलाखतीत ते म्हणाले, "रूळ जरा मऊ केले तर?" आणि तिथेच बाद झाले. मंत्रालयातल्या एका अधिकाऱ्याकडे कल्पनाशक्तीचा लवलेश नव्हता, मात्र ज्ञानाचं सदरही कोरंच होतं. एक तरुणी जवळजवळ निवडली गेली होती. तिनं नेमणुकीचा कागद वाचला, पुढे काय होईल ते तिच्या डोळ्यांसमोर आलं, आणि ती रडत निघून गेली. डोळ्यांसमोर आलं, म्हणून तीही अपात्रच.

"पण हे जोडणं उघड नाहीये हो!" प्रेख्टल उठून बसत ओरडले. छातीवरच्या तारा ताणल्या गेल्या आणि उशाशी ठोके मोजणारं यंत्र टुकटुकू लागलं. "कुठल्या खाटकाला सुचेल की ढकलताना पीळही द्यावा? आणि अडखळताच थांबणं? सॉसेजचं यंत्र थांबतच नाही, ते मांस संपेपर्यंत ढकलतं! हा शोध आहे, मूलभूत शोध आहे!"

"मी सुनावणीत हेच म्हणत होते," हास्लबेकबाई म्हणाल्या.

"तुम्ही नीट म्हणाला नाहीत! कागद घ्या, मी सांगतो!"

आणि त्या माणसानं पलंगावरून, एका हातात सलाईन, असा युक्तिवाद सांगितला की काय विचारता. एकेका मुद्द्यावर स्वतःच्या निकालाची चिरफाड केली. पेटंटच्या बाजूनं इतकं चोख त्यांच्या कचेरीत कुणी कधी बोललं नसेल. वाल्बुर्गा तोंडाला पदर नसल्यानं हातरुमाल लावून ऐकत होती. इतक्या वर्षांत नवरा एखाद्या गोष्टीला 'नवीन' म्हणताना तिनं पहिल्यांदाच ऐकला.

"वा," श्वायगर शेवटी म्हणाले. "पण अपिलाची मुदत उन्हाळ्यातच संपली. निकाल कायम आहे. कायद्याच्या दृष्टीनं हे अजूनही कुणालाही जमण्यासारखं आहे. मी साधा प्रशासक, मी काय कायद्याच्या वर आहे?"

मग ते एकदम थांबले. प्रेख्टलांकडे वेगळ्याच नजरेनं बघू लागले. "साहेब... या विषयावरचा प्रत्येक कागद तुम्ही वाचलाय ना? आणि इतक्या वर्षांत स्वतःची अशी एखादी कल्पना...?"

"नाही," वाल्बुर्गा बोलून गेली, आणि मग तिनं जीभ चावली.

"मग अडलंय कुठे! तुम्हीच या जागेवर. उजवा हात मोकळा आहेच. डाव्या मनगटातून तार आत, उजव्यानं तुम्ही—"

"नको!" प्रेख्टल किंचाळले. "मला दिसतंय! आत्ता स्पष्ट दिसतंय, ती तार कुठून बाहेर येणार ते दिसतंय!"

श्वायगरांनी खेदानं मान हलवली. "म्हणजे कल्पनाशक्ती आहे. अरेरे, थोडक्यात गेलं." आणि ते पुढच्या उमेदवाराची चौकशी करायला निघून गेले.

तर वाचकहो, ही जागा अजून रिकामी आहे. प्रेख्टल पडून आहेत, हास्लबेकबाई दर तासाला येऊन नाडी बघतात, आणि वाल्बुर्गानं दोन दिवस हात सोडलेला नाही. आता तुमचं बोलू या. सॉसेजचं यंत्र आलं तेव्हाच पुढे काय होणार हे तुम्ही ओळखलं होतं, हो की नाही? 'हे तर उघडच होतं,' असं मनात म्हणालातही. आणि सगळं ओळखूनही त्या पलंगावर आपण असतो तर, हे काही तुमच्या डोक्यात एकदाही आलं नाही. मजेत हसत होतात. सगळं आधीच ठाऊक, आणि कल्पना म्हणाल तर शून्य. श्वायगरसाहेब कधीचे अशाच माणसाच्या शोधात आहेत. उद्या साडेबारानंतर या. यंत्र धुऊन ठेवलेलं असेल, तुम्ही फक्त हात धुऊन या.